ज्याची सुरी त्याचा वाटा

डुकराला नावं ठेवणारं जग डुकराचं मांस मात्र मिटक्या मारत खातं. ते मांस दुकानाच्या काचेआड पोचण्याआधी कुठून कुठून जातं, हे कुणी विचारत नाही, आणि कत्तलखान्यातली माणसंही आपणहून सांगत नाहीत. सांगून कुणाची भूक मारायची?

तिथे साखळीवरून डुकरं उलटी टांगलेली येतात. गरम पाण्याच्या हौदातून निघालेली, केस गेलेली, गुळगुळीत. एकजण पोट फाडतो, दुसरा आतडी ओढून तसराळ्यात टाकतो, तिसरा कलेजी आणि फुप्फुसं चाचपून शिक्का मारतो. त्या सगळ्यांच्या पलीकडे, गार हवा सोडणाऱ्या पंख्याखाली, ती उभी असते. तिला सगळे नमुनेवाली म्हणतात. खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक असावं.

काम सोपं होतं. लॅबने खूण केलेलं डुक्कर समोर आलं की त्याच्या कलेजीच्या टोकाचा अंगठ्याएवढा तुकडा कापायचा, पित्ताच्या पिशवीत सुई खुपसून थोडं पित्त ओढायचं, रक्ताची नळी भरायची, तिघांवर एकच नंबर चिकटवायचा आणि पेटीतल्या बर्फात खोचायचं. कशासाठी, तर एका विषाणूसाठी. तो डुकराला काहीच करत नाही. डुक्कर मजेत खातं-पितं, वजन वाढवतं. मांसातून माणसात गेला तर मात्र तो यकृतात जाऊन बसतो. हे तिला कामावर घेताना सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती. पुढे नमुने जात राहिले, उत्तर कधी आलं नाही. ज्याचं उत्तर येत नाही त्या प्रश्नाची काळजी माणूस किती दिवस करणार? नमुने पाठवायचे, पुढचं वरचे बघतील.

बर्फात हात घालून घालून तिची बोटं बधिर व्हायची. त्याचं तिला काही वाटत नसे. गार पडताना बोटं दुखत नाहीत. दुखतात ती कामाची पाळी संपल्यावर, गरम पाण्याच्या नळाखाली धरली की. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी यायचं.

आता कापलेल्या कलेजीचं काय करायचं, हा तिथला जुना प्रश्न. टोक उडालेली कलेजी दुकानदार घेत नाही. नियमाप्रमाणे ती टाकाऊ मालाच्या ड्रममध्ये जायला हवी, वर निळा रंग ओतून, म्हणजे कुणी खायला उचलू नये. पण चांगला माल हाताने फेकायचा म्हणजे जिवावर येतं. आतडी काढणाऱ्या म्हाताऱ्याने यावर केव्हाच तोडगा काढला होता. त्याला तपासनिसापासून झाडूवालीपर्यंत सगळे मामा म्हणत. मामाच्या टेबलाखाली एक ट्रे असे. कापलेल्या कलेज्या गुपचूप त्यात जात आणि पाळी सुटताना वाटल्या जात. वाटायचा कायदा एका ओळीचा होता: ज्याची सुरी त्याचा वाटा. म्हणजे कापणाऱ्याने आधी निवडायचं, मग बाकीच्यांनी.

सुरी तिची, म्हणून पहिली निवड तिची.

"थोराड जनावराची उचलू नकोस गं," पहिल्याच आठवड्यात मामा तिला म्हणाला होता. "दिसायला दांडगी, खायला लाकूड. लहान चणीचं बघ. वजन कमी भरलेलं, लवकर कापलेलं. त्याची लोण्यासारखी असते."

तेव्हापासून ती लहान चणीच्या जनावराचीच कलेजी उचलायची. स्वतःसाठी नाही, धाकट्यासाठी.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, आणि त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिनेच आपली एक काढून दिली. त्या वॉर्डात तिचं केवढं कौतुक झालं! नर्सा एकमेकींना बोट दाखवून सांगत, बहीण असावी तर अशी. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तर तिचे हात धरून डोळ्यांना लावले. असं कौतुक ऐकायला कुणाला आवडत नाही? तिलाही आवडलं. वरवर ती "त्यात काय एवढं" म्हणे, आणि ते म्हणतानाही तिला बरं वाटे.

घरी आल्यावर धाकटा खिडकीशी टेबल टाकून लोकांचे बंद पडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करू लागला. टेबलावर इतके स्क्रू सांडलेले असत की जेवताना ताटात एखादा निघायचा. अंगात रक्त कमी होतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, पौष्टिक द्या, कच्चं काही देऊ नका. कलेजीहून पौष्टिक काय असणार? ती कांदा परतायची, वर कलेजीच्या चकत्या टाकायची, मीठ-मिरी घालून झटकन उतरवायची. जास्त शिजली की ती वातड होते. एकदा तशी झाली तेव्हा तो चावत बसला होता आणि म्हणाला होता, "ताई, जरा आधी उतरव ना, मऊ असताना." तेव्हापासून सुरीचं टोक आत घालून गुलाबी पाणी आलं की ती गॅस बंद करायची. मग समोर बसून तो संपवेपर्यंत बघायची. दर तपासणीला डॉक्टर विचारत, "कच्चं-बिच्चं काही?" धाकट्याआधी तीच सांगे, "छे! सगळं माझ्या हातचं." त्यात ती खोटं काहीच बोलत नव्हती.

मग धाकट्याच्या यकृताचे आकडे चढू लागले. आधी थोडे, मग बरेच. दुपारी पंखा उघडून बसलेला तो स्क्रू-ड्रायव्हर हातात धरूनच झोपी जायचा. जेवणावरची वासना उडाली. डॉक्टरांनी औषधं बदलली, पोटाचे फोटो काढले, दहा शंका काढल्या आणि दहाही खोडल्या. दुसऱ्याची किडनी अंगाने परकी म्हणून हाकलू नये यासाठी त्याला जन्मभर एक औषध घ्यायचं होतं, शरीराची लढायची ताकद दाबून टाकणारं. आता डॉक्टर म्हणाले, "शरीरच यकृतावर उलटलेलं दिसतंय. हे आकडे उतरले नाहीत तर ते औषध आणखी वाढवावं लागेल. पुढच्या वेळी ठरवू."

ती पुढची वेळ उद्यावर आली होती, त्या दिवशी लॅबच्या मॅडम कॅन्टीनमध्ये आल्या.

सगळ्यांना एप्रन काढून बसायला सांगितलं होतं. मॅडम तरुण होत्या, घसा बसलेला होता, आणि बोलणं कुणालाही कळेल असं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांचे निकाल आलेत. मोठ्या डुकरांत विषाणू क्वचित सापडला. त्यांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो. पण जी कमी वजनाची, लवकर कापली जातात, त्यांच्यातल्या बऱ्याच डुकरांच्या कलेजीत तो जिवंत आहे."

"आम्ही तर वर्षानुवर्षं खातोय की," मामा म्हणाला. "मला काय झालंय? दात तेवढे गेले, पण ते बायकोमुळे."

लोक हसले. मॅडमही हसल्या. "धडधाकट माणसाला बहुतेकदा कळतही नाही. थोडा ताप, थोडा थकवा, फार तर कावीळ, आणि बरा होतो. पण ज्यांनी दुसऱ्याचा अवयव बसवून घेतलाय, त्यांची ताकद औषधाने दाबलेली असते ना, त्यांच्यात हा मुक्कामच ठोकतो. यकृत पोखरत राहतो. घरात असं कुणी असेल तर सांभाळा."

ती मागच्या बाकावर होती. समोरच्या कपातल्या चहावर साय धरली होती आणि ती त्या सायीकडे बघत होती. आता काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली, पण काही वाटलं नाही. मग तिचा हात वर गेला.

"शिजवल्यावर मरतो ना?"

"मरतो की. अगदी मध्यापर्यंत शिजवली तर. वरून भाजून आत गुलाबी ठेवली तर नाही मरत."

"बरं," ती म्हणाली आणि हात खाली घेतला.

जाता जाता मॅडमनी विचारलं, "नमुना घेतलेल्या कलेज्या ड्रममध्येच जातात ना?"

जो तो आपल्या कपात डोकावू लागला. मामा ठसक्यात म्हणाला, "निळ्याशार करून!" मॅडमनी मान डोलावली आणि पिशवी उचलली. तिनेही कपातच बघितलं.

दुपारची पाळी तिने नेहमीसारखी केली. तुकडा, पित्त, रक्त, नंबर. एकही नंबर चुकला नाही. डॉक्टर मंडळी जग धुंडाळत होती आणि रोगाचं मूळ तिच्या घरच्या फ्रीजमध्ये होतं, काखेत कळसा नि गावाला वळसा. हे तिला लख्ख कळत होतं, पण कळणं कुठेतरी लांब चाललं होतं, शेजारच्या घरात रेडिओ चालावा तसं. पाळी सुटताना मामाने ट्रे बाहेर ओढला.

"उचल. तुझी सुरी."

तिने उचलली. लहान चणीच्या जनावराची, मऊ. का उचलली, म्हणाल तर हाताला सवय होती म्हणून. बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि तिचा गारवा मांडीला लागत होता.

घरी धाकटा टेबलावर डोकं टेकून पडला होता. तिने कांदा चिरला, परतला, कलेजी टाकली. या वेळी गॅस बंद केला नाही. चकत्या आक्रसल्या, तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या. धूर झाला तसा तो उठून दारात आला.

"ताई, चप्पल तळतेयस का?"

"आज खायची नाहीये ती."

"मग तळतेस कशाला?"

तिने कढई उपडी करून सगळं पिशवीत ओतलं, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली आणि कचऱ्यात टाकलं. तो बघत राहिला. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होता. तो तसा झालेला तिने आधीही पाहिला होता आणि दिव्याच्या उजेडावर ढकलला होता.

"काय झालंय?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे काहीतरी मोठं असतं."

"गप बस. ब्रेड खा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही, आणि त्याचं कारण काही फार उदात्त नव्हतं. त्या घरात ती देणारी होती. पोटावरचा तो लांब व्रण तिने कुणाला दाखवला नव्हता, पण रोज आंघोळीला त्यावरून हात फिरवताना तिला वाटायचं, आपण आयुष्यात एक तरी काम चोख केलं. तेच हात आठवड्यामागून आठवडा त्याला विष वाढत होते, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की व्रणाला काय किंमत राहणार? तिने गरम पाण्याचा नळ सोडला आणि बोटं त्याखाली धरली. बोटं लाल झाली, पण दुखली नाहीत.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी नवे आकडे बघितले आणि पेन उचललं.

"वाढलेतच. मग औषध वाढवू या."

"वाढवू नका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. ती उभीच होती. "डुकराच्या कलेजीत एक विषाणू असतो. यकृताचा. मी त्याचेच नमुने काढते. तो तपासलाय का त्याच्यात?"

पेन थांबलं. डॉक्टर खरं तेच बोलले. "नाही. ते डोक्यात आलं नाही. तुम्ही म्हणायचात, कच्चं काही नसतं." ते धाकट्याकडे वळले. "खाता का तुम्ही कलेजी?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. रात्रीचा धूर, गाठीवरची गाठ, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं तिला दिसलं. तो कसला हुशार! बिघडलेला पंखा नुसता ऐकून सांगायचा, कुठे अडलंय ते.

"खातो ना," तो म्हणाला. "बाहेर. गाडीवर वगैरे. ताईला माहीत नाही. ती घरी सगळं नीट शिजवते."

एवढा सोपा रस्ता तिला कुणी कधी काढून दिला नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. कालसारखं.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "बाहेरचं घोटभर पाणी पीत नाही. मी आणायचे कत्तलखान्यातून. मीच करायचे. आतून गुलाबी."

तिचा आवाज सपाट होता, पेटीवरचा नंबर वाचून दाखवावा तसा. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

रक्त गेलं, उत्तर आलं, तोच निघाला. औषध वाढवलं असतं तर त्याला आणखी मोकळं रान मिळालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. विषाणू घालवायचा तर शरीराला लढू द्यायला हवं. म्हणजे ते दाबणारं औषध कमी करायचं. आणि ते कमी केलं, की जागं झालेलं शरीर किडनीवरही उलटू शकतं.

"तिच्या किडनीवर," धाकटा म्हणाला.

"तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "हो, तीच."

इकडे आड तिकडे विहीर. औषध कमी केलं. आता दर वेळी दोन आकडे बघायचे: यकृताचा उतरावा आणि किडनीचा चढू नये.

तिने मॅडमना फोन केला आणि मामाच्या ट्रेबद्दल सांगितलं. आपलंही सांगितलं. कत्तलखान्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिला झापलं, मामालाही झापलं, ट्रे गेला, आणि दर कापलेल्या कलेजीवर आता तिच्याच हाताने निळा रंग पडू लागला. मामा तिच्याशी बोलेनासा झाला. एकदा तो पाठमोराच म्हणाला, "घरचं घरात मिटवता आलं असतं." त्याच्या घरी सून होती, तिला दिवस गेले होते, आणि तीही त्या ट्रेतलं खायची. मॅडम खबरदारी म्हणून त्या सुनेचं रक्त तपासायला घेऊन गेल्या होत्या. तिचं काही निघालं नाही, आणि तरीही मामा बोलला नाही. नाही तर नाही. नमुनेवालीला त्याचंही काही वाटलं नाही. खरं तर कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटायला हवं होतं.

यकृताचा आकडा उतरू लागला. किडनीचा मात्र या खेपेला थोडा चढला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून काही सांगता येत नाही, वाट बघू. दोघं बसने घरी आली. तिने बटाटे उकडले, सोलले, आणि एकेक मधोमध कापून आत वाकून बघितलं.

"ताई," धाकटा म्हणाला, "बटाट्याला गुलाबी होता येत नाही."

ती बघतच राहिली. हल्ली ती ब्रेडसुद्धा मोडून आत बघायची.

"बस बरं खाली," तो म्हणाला. त्याने टेबलावरचे स्क्रू हाताने बाजूला लोटले. "एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"मला कलेजी कधीच आवडली नाही."

तिने सुरी खाली ठेवली.

"लहानपणापासून नाही. वास आला तरी पोटात ढवळायचं. कडक झाली की घशाखाली उतरायची नाही, चावावी लागायची ना. म्हणून म्हटलं, मऊ असताना उतरव. मऊ असली की न चावता गिळता यायची."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" तो म्हणाला. "तू समोर बसायचीस. मी खाल्लं की तुझा चेहरा उजळायचा. जिने किडनी काढून दिली, तिला कलेजी नको कसं म्हणायचं गं?"

ती हसली. हसू आलं ते तिला न विचारताच आलं, आणि येता येताच त्याचं रडू झालं. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. एवढी मोठी देणगी दिली होती तिने त्याला, की त्याची नाही म्हणायची सोयच काढून घेतली होती. तो उठला, तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि काय करावं न सुचून तिच्या डोक्यावर थोपटत राहिला, बंद पडलेल्या रेडिओवर थोपटावं तसं.

"बटाटेही आवडत नाहीत का तुला?" तिने रडता रडता विचारलं.

"फारसे नाहीत," तो म्हणाला.

"मग काय आवडतं?"

तो विचार करू लागला. तिची बोटं आता दुखत होती, दहाही. एवढ्या वर्षांत हे तिने त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत ती थांबली.